दस्तुरीच्या पावतीचा हिशेब

प्रश्न असा आहे: "मागच्या रविवारी आम्ही चौघं माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्यावर मोठ्यांच्या माणशी पन्नास रुपयांच्या पावत्या फाडल्या. आत गेलो तर लाल धूळ, चढावर घोड्यांची लीद, कचऱ्याच्या डब्यावर माकडं. पाच हजारसुद्धा वस्ती नसलेल्या गावाला नगरपरिषद हवी कशाला? आणि एवढा पैसा जातो कुठे?"

मी नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात एकतीस वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, शहर अभियंता म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं डोंगरावरच्या गावांत गेली. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. पर्यटक विचारायचे, आमदार विचारायचे, घरी बायकोही विचारायची. "खातात" हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं आणि कुठे कुठे ते खरंही असतं, मी कोणाची वकिली करायला बसलेलो नाही. पण एक रुपयाही कोणी खाल्ला नाही असं धरलं, तरी ते गाव तुम्हाला रविवारी दिसलं तसंच दिसू शकतं. ते कसं, तेवढं सांगतो.

आधी नगरपरिषदेचं. एरवी नगरपरिषद व्हायला किमान पंचवीस हजार वस्ती लागते. डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणांना ती अट नाही, म्हणून माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी, पन्हाळा या 'गिरिस्थान नगरपरिषदा'. कारण सरळ आहे. ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर १८५० मध्ये माथेरानचा डोंगर चढून गेला आणि पाठोपाठ मुंबईची बडी मंडळी बंगले बांधायला आली, तेव्हापासून हे गाव तिथल्या रहिवाशांपेक्षा येणाऱ्यांसाठीच जास्त चाललं आहे. ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून आणि ग्रामसेवकाकडून ते पेलणारं नव्हतं.

आता खरी गोम. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, म्हणून फायलींमध्ये हाच आकडा फिरतो आहे. वित्त आयोगाचा निधी वाटायचा, लोकसंख्या बघा. आकृतीबंध ठरवायचा, म्हणजे सफाई कामगार किती, लिपिक किती, अभियंता एक की अर्धा (हो, अर्धा: शेजारच्या नगरपरिषदेचा 'अतिरिक्त कार्यभार' असलेला), तरी नगरपरिषदेचा वर्ग बघा, आणि वर्ग पुन्हा लोकसंख्येवरच. या आकड्यात तुम्ही नाही. तुमच्यासारखे दिवाळीच्या सुट्टीत एकेका दिवशी गावाच्या वस्तीपेक्षा जास्त संख्येनं वर चढतात, तेही नाहीत. पहाटे खालच्या आदिवासी वाड्यांवरून डोक्यावर पाटी घेऊन चढणारी, दिवसभर हॉटेलात भांडी घासणारी, सामान वाहणारी आणि अंधार पडायच्या आत उतरणारी माणसंही नाहीत. ती खालच्या ग्रामपंचायतीत मोजली जातात. पण पाणी सगळे पितात, संडासला सगळे जातात आणि कचरा सगळे करतात.

पंढरपूर, आळंदीच्या नगरपरिषदांना वारीसाठी शासन वेगळं अनुदान देतं. वारकरी दोन-चार दिवस येतो आणि गावावर भार टाकतो हे सरकारला मान्य आहे. गिरिस्थानाचा 'वारकरी' मात्र वर्षाचे बावन्न शनिवार-रविवार येतो आणि त्याचा भार कुठल्या रकान्यात लिहायचा हे ठरलेलं नाही. म्हणून ती पन्नास रुपयांची पावती. तुम्ही हॉटेलात दिलेला जीएसटी नगरपरिषदेला मिळत नाही. मिनी ट्रेनचं तिकीट रेल्वेचं, घोड्याचं भाडं घोडेवाल्याचं. दिवसभरात तुम्ही जे काही हजार उधळलेत, त्यातला नगरपरिषदेच्या गल्ल्यात थेट पडलेला पैसा म्हणजे बहुतेक तेवढ्या पावत्याच. २०२० मध्ये मार्चपासून काही महिने गाव बंद होतं, तेव्हा ही पावती शून्यावर आली. पथदिव्यांचं बिल मात्र यायचं थांबत नाही.

ही झाली जमा. खर्चाकडे वळलो की डोंगर समोर येतो.

पुढे मोटारबंदी, म्हणून तुम्ही दस्तुरीला गाडी लावलीत आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनच्या शटलनं गेलात. आता तुमच्या जागी दोन ब्रास वाळू आहे असं समजा. ट्रक दस्तुरीपर्यंत येतो आणि तिथे ती ओततो. दोन ब्रास म्हणजे साधारण नऊ टन. ती गोण्यांत भरायची. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना मिळून ऐंशी-नव्वद किलो. म्हणजे शंभरेक खेपा. चढ-उतार, पाणी, वैरण आणि मधे पर्यटकांची गर्दी धरली, तर एका घोड्याच्या दिवसाला चार-पाच खेपा होतात. एक ट्रक वाळू बाजारपेठेत पोचवायला वीस-पंचवीस घोड्यांचा एक पूर्ण दिवस. खडी वेगळी, सिमेंट वेगळं, विटा-ब्लॉक वेगळे. शटलच्या मालडब्यातून गावाला रोजचं लागणारं येतं, पण रस्त्याच्या कामाची खडी त्या डब्यात चढत नाही.

आणि सरकारी अंदाजपत्रक बनतं ते दरसूचीवर, आम्ही तिला डीएसआर म्हणतो. तिच्यातली वाहतूक, म्हणजे 'लीड', किलोमीटरवर मोजलेली असते आणि वाहन म्हणून मनात ट्रक धरलेला असतो. घोडा त्यात बसवायचा तर वेगळं दर पृथक्करण, म्हणजे दर कसा आला याची फोड, करायची, स्थानिक दराचे दाखले जोडायचे आणि तांत्रिक मंजुरीला पाठवायचं. खाली बसलेल्या साहेबाला वाटतं, हा अभियंता दर फुगवतोय. तो विचारतो, "पायथ्याच्या नेरळमध्ये याच कामाला एवढे लागतात, तुम्हाला दुप्पट कसे?" त्याचं चुकत नाही, त्याच्या टेबलावर डोंगर नसतो. मग दर कापून मंजुरी येते. त्या दरात निविदा काढली की कोणी भरत नाही. दुसऱ्यांदा काढा. तिसऱ्यांदा काढली की एक जण भरतो आणि तो कसा परवडवून घेणार आहे हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही ठाऊक असतं. सिमेंट कमी, पाणी मारणं कमी, खोदाई कमी. पुढच्या पावसात ते काम डोंगर उतरून जातं.

एका लेखापरीक्षणात अशाच वाहतुकीच्या देयकावर आक्षेप आला होता: "वाहन क्रमांक नमूद नाही." लेखापरीक्षक तरुण होता, पहिल्यांदाच अशा ठिकाणी आलेला. मी खुलाशात घोड्यांचे बिल्ला क्रमांक लिहून दिले. घोड्याला परवाना असतो, बिल्ला असतो, म्हणजे तशी नोंद चुकीची नव्हती. तो दोन मिनिटं कागदाकडे बघत बसला. मग त्यानं विचारलं, "साहेब, एकच बिल्ला एका दिवसात सव्वीस वेळा आलाय. घोडा सव्वीस खेपा करतो?" तेव्हा मला कळलं की पोरगा हुशार आहे. कंत्राटदाराच्या मुकादमानं वही घरी बसून भरली होती आणि मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीवर, सही माझी होती. ते देयक तिथेच थांबलं, फेरमोजणी झाली, माझी वेतनवाढ वाचली ती थोडक्यात. मला सांगायचं आहे ते एवढंच की डोंगर हे खर्चाचं खरं कारण आहे आणि लबाडीला उत्तम आडोसाही आहे. दोन्ही एकाच वेळी. हे ज्याला कळतं त्यालाच अशा गावाचा हिशेब तपासता येतो.

वेळेचंही बघा. जून ते सप्टेंबर पाऊस. तेव्हा उघड्यावरचं काम होत नाही. नेरळहून वर येणारी गाडीसुद्धा पावसाळ्यात बंद असते, फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत शटल चालते. ऑक्टोबरात जमीन वाळेपर्यंत दिवाळी आली. दिवाळीत रस्ता खणला तर दुकानदार आणि हॉटेलवाले मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात. मग नाताळ, मग लांबलेले शनिवार-रविवार, मग एप्रिल-मेचा हंगाम. सलग हातात मिळतात ते नोव्हेंबरअखेरचे आणि जानेवारी-फेब्रुवारीचे काही आठवडे. नेमकं तेव्हा निधीचं वितरण अडकलेलं असतं, कारण शासनाचा पैसा मार्चच्या तोंडावर सुटतो. मग मार्चमध्ये सगळी कामं एकदम निघतात आणि तुम्ही म्हणता, "सीझनलाच यांना खणायचं सुचतं."

लाल धुळीबद्दल. तो डोंगरमाथा जांभ्याचा. जांभ्याची माती चपलेखाली आणि टापांखाली भरडली जाते, उन्हाळ्यात उडते आणि पावसाळ्यात वाहते. रस्ता दरवर्षी बोटभर खाली जातो, कडेच्या झाडांची मुळं उघडी पडतात. तुम्ही फोटो काढलेत त्या मुळांचे? छान दिसतात, पण तिथे एकेकाळी माती होती. यावर मातीचे भाजलेले ब्लॉक बसवायचं ठरलं तेव्हा दोन तट पडले. घोडेवाले म्हणाले, ओल्या ब्लॉकवर नाल घसरतो. ते खरं आहे. म्हातारे, शाळकरी पोरं, आजारी माणसं यांच्या बाजूनं बोलणारे म्हणाले, धुळीनं छाती भरते आणि चिखलात चाक फिरत नाही. तेही खरं आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं दस्तुरी ते गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉकची मुभा दिली, आतल्या रस्त्यांना आणि जंगलातल्या पायवाटांना नाही. मला विचाराल तर हा मधला मार्ग बरा आहे. पण अभियंता म्हणून मला ब्लॉकपेक्षा गटाराची काळजी जास्त वाटते. बाजूचं पाणी नीट वळवलं नाही तर ब्लॉकखालची वाळू पहिल्याच पावसात निघून जाते आणि ब्लॉक दातांसारखे हलायला लागतात. पण गटाराच्या उद्घाटनाला कोणी येत नाही.

आता जमिनीकडे येतो. हा भाग बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाही. शहरात नगरपरिषद म्हणजे निदान रस्त्याची तरी मालक असते. इथे गावाच्या चहूबाजूंना वनखात्याचं जंगल. आतले बंगल्यांचे भूखंड सरकारनं भाडेपट्ट्यानं दिलेले आणि त्यांचं दप्तर महसूल खात्याच्या अधीक्षक कार्यालयाकडे. १९०७ पासूनची रेल्वेलाईन आणि तिच्या बाजूची पट्टी रेल्वेची. पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं: खाली नेरळजवळ उल्हास नदीतून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवलेलं. शार्लोट तलाव आहेच, पण तो एकटा पुरत नाही. या सगळ्यावर ४ फेब्रुवारी २००३ ची केंद्राची अधिसूचना, जिनं माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटर टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र केला आणि वर देखरेखीसाठी सनियंत्रण समिती आली. महाबळेश्वर-पाचगणीला तशीच अधिसूचना त्याआधी दोन वर्षं, २००१ ला. अधिसूचना नसती तर आज तिथे दहामजली इमारती आणि डोंगरकड्यावर काचेचे पूल दिसले असते, म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. पण तिच्यामुळे सार्वजनिक मुतारी हलवायलासुद्धा एका कागदाऐवजी चार कागद लागतात, हेही सांगायला हवं.

नळ कोरडा पडला तरी लोक नगरपरिषदेत येतात. लाईट गेली तरी येतात. बिबट्या दिसला तरी येतात. अधिकार चौघांचे आणि दार एकाचं.

एका गिरिस्थानातली जुलैतली सकाळ सांगतो. साडेपाचला फोन वाजला: बाजाराच्या वरच्या वळणावर जांभूळ आडवं पडलंय, तार खाली आलीय. डोंगरावर मातीचा थर पातळ, मुळं खोल जातच नाहीत, पसरतात. चार दिवसांची झड लागली की अख्खं झाड मुळासकट उताणं होतं. इरलं घातलेला आमचा मुकादम आणि दोन कामगार करवत घेऊन हजर. पण आधी वीज मंडळाचा वायरमन हवा, तार मेली की नाही हे बघायला. तो सातला आला. मग प्रश्न, झाड कोणाचं? बुंधा भाडेपट्ट्याच्या भूखंडात, मुळं अर्धी रस्त्यात आणि शेंडा पलीकडे वनहद्दीत. पडलेलं असलं तरी पंचनाम्याशिवाय करवत लावायची नाही, कारण उद्या कोणी तक्रार केली की नगरपरिषदेनं जिवंत झाड तोडलं, तर खुलासा माझा. वनरक्षक खालच्या वाडीतून चालत वर यायचा होता. आम्ही छत्र्या धरून उभे. तेवढ्यात भाजीच्या पाट्या घेतलेल्या तिघी ठाकरणी आल्या. पहिलीनं पाटी दुसरीकडे दिली, साडी खोचली, बुंध्यावर चढली, पलीकडे उतरली आणि पाट्या घेतल्या, तिसरी आमच्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमी कोनाची वाट बगताय?" करवत लागली तेव्हा अकरा वाजले होते. पंचनाम्यावर घेर, उंची, पडण्याचं कारण, पंच क्रमांक एक आणि दोन, सगळं व्यवस्थित आहे. तो कागद अजून कुठेतरी दप्तरात असेल.

घरपट्टीचंही असंच. मार्च आला की अभियंता, आरोग्य निरीक्षक, शिक्षणाचा लिपिक, सगळे वसुली पथकात. मला एकदा बंगल्यांची बाजू मिळाली. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोनशे पावलं, उतरतं कौलारू छप्पर, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं. माळी तेवढा राहतो. बिलावर नाव होतं ते गृहस्थ वारून वीसेक वर्षं झालेली. वारस कोणी मुंबईत, कोणी परदेशात, आपसांत दावा. मी माळ्याला म्हणालो, बाबा, बिल घ्या, शेठला द्या. तो म्हणाला, "देतो की. सगळी ठेवलीत." आणि आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. अकरा वर्षांची बिलं, वर्षाप्रमाणे लावलेली, पोच म्हणून त्याचा अंगठा उठवलेली प्रत्येकाची प्रत आमच्याकडे आणि मूळ बिल त्याच्या डब्यात. त्यानं एकही हरवलं नव्हतं, आणि एकही भरलं गेलं नव्हतं. जप्ती कशाची आणायची? जमीन सरकारची, दावा कोर्टात, आतलं फर्निचर वाळवीनं खाल्लेलं. नगरपरिषदेच्या 'मागणी' रकान्यात मात्र ती रक्कम दर वर्षी व्याजासकट वाढत असते आणि लेखापरीक्षण विचारतं, वसुलीची टक्केवारी का घसरली.

कचऱ्याकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल माकडांचं राहिलं. माथेरानला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राचा 'निसर्गऋण' बायोगॅस प्रकल्प आहे. हॉटेलचं उष्टं-खरकटं, भाजीचा कचरा त्यात जायचा. कल्पना उत्तम. पण अशा प्रकल्पातले जंतू म्हणजे गोठ्यातल्या गुरासारखे, त्यांना रोज सारखं खायला लागतं. मे महिन्यात अपचन होईल एवढं येतं आणि ऑगस्टच्या मधल्या वारी उपास पडतो. शिवाय ओला-सुका वेगळा करणारा हात शेवटी माणसाचाच, आणि माणसं मंजूर आहेत त्या ४,३९३ च्या हिशेबानं. घंटागाडी म्हणजे इथे खरोखरच ढकलायची गाडी. ती चढावर एका फेरीत किती नेणार? रविवारी दुपारी डबा भरतो, पुढची फेरी यायला वेळ लागतो, मधल्या वेळेत माकड येतं. माकडाला वेळापत्रक आपल्याहून चांगलं माहीत असतं.

ई-रिक्षाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वर गेलात तर दिसल्या असतील. माथेरानला मोटारबंदी आहे, ती हवीच. पण मोटारबंदीचा अर्थ इतकी वर्षं असा होता की ज्याला चालता येत नाही आणि घोड्यावर बसता येत नाही, त्याला माणूस ओढत नेणार. हातरिक्षेला पुढे एक आणि मागे दोन लागतात, म्हणजे एका प्रवाशाला तिघांचा घाम. परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये ई-रिक्षा चालवून बघायला परवानगी दिली, डिसेंबर २०२२ मध्ये सात गाड्यांनी चाचणी झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, त्यासाठी गुजरातेतल्या केवडियाच्या ई-रिक्षा योजनेकडे बघा, असा आदेश दिला.

वर्तमानपत्रात हे दोन ओळींत येतं. गावात त्याचा अर्थ असा की हातरिक्षा ओढणारे, चारशेहून जास्त घोडे आणि त्यांचे मालक, हॉटेलवाले, दुकानदार, हमाल, या प्रत्येकाच्या घरी मतं आहेत आणि वॉर्ड काहीशे मतांचा आहे. इथे नगरसेवक आठ-दहा मतांनी पडतो. ज्याच्या विरोधात ठराव करायचा त्याच्याच दुकानातून सकाळी दूध आणायचं असतं. म्हणून अवघड ठराव सभेपुढे येतच नाहीत. आले तर 'पुढील सभेत ठेवण्यात यावा'. आणि एखादा अगदीच भलता ठराव झाला, तर मुख्याधिकारी तो नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली स्थगितीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून मोकळे होतात. २०२२ पासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासकच होते. तेव्हा ठराव भराभर झाले हे खरं, पण भांडायला समोर कोणी नसलं की ठराव भराभरच होतात. मला स्वतःला भांडणारी सभा परवडते. निदान इतिवृत्तात कोण काय म्हणालं हे राहतं.

मग तुम्ही काय करायचं? 'भ्रष्टाचार' असा एका शब्दाचा तक्रार-अर्ज देऊ नका, त्याला एका शब्दाचं उत्तर येतं. माहिती अधिकारात नेमकं मागा. पहिलं, गेल्या तीन वर्षांचं प्रवासी कराचं, म्हणजे त्या नाक्यावरच्या पावत्यांचं, महिनावार उत्पन्न. त्यावरून मे आणि ऑगस्टमधला फरकही दिसेल. दुसरं, त्या पैशातून झालेल्या रस्ता-कामांच्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, आणि त्यात वाहतुकीची बाब जरूर बघा. खेपा मोजा, माझ्या त्या लेखापरीक्षकासारख्या. तिसरं, मंजूर सफाई कामगार किती, भरलेले किती आणि रविवारी प्रत्यक्ष हजर किती. या तीन कागदांवरून तुम्हाला डोंगरानं किती खाल्लं आणि माणसानं किती, हे बरंचसं वेगळं काढता येईल.

आणि नाक्यावर पावती न घेता पुढे सटकू नका. गर्दीत घाईघाईनं दोघांच्याच पावत्या फाडून चौघं आत जातात, हे मी त्या खिडकीत बसून पाहिलेलं आहे. वर्षाला किती माणूस चढतो हे सांगणारा दुसरा कागद त्या गावाकडे नाही. उद्या कोणी मुख्याधिकारी मंत्रालयात जाऊन 'आमची लोकसंख्या ४,३९३ धरू नका' म्हणून भांडायला उभा राहिला, तर त्याच्या पिशवीत पुरावा म्हणून त्या पावत्यांची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहिलेली प्रतच असणार. तुमच्या चार त्यात असू देत.